दादूसनं बसवलेली चाकं

फोन आला तेव्हा माझ्या तव्यावर घावन होतं. किहीमला आमच्या वाडीत तीन खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे सकाळी आठच्या सुमाराला माझ्याशी बोलायची कुणाची हिंमत होत नाही. उरणहून वहिनी म्हणाली, "बाय, तुजा दादूस उठत न्हाय गो." मी म्हटलं, "मग पाणी मार तोंडावर." खरंच म्हटलं असं. माणूस झोपेतच गेलाय हे डोक्यात शिरेपर्यंत घावन करपून काळं झालं होतं. रेवसला पोचले, तर ओहोटीमुळे लाँच उशिरा सुटली. करंजाला उतरून रिक्षा केली, घरात शिरले. दादूसला खाली झोपवलेलं, भोवती बायका, आणि माझी नजर गेली कुठं, तर टीव्हीखालच्या कप्प्यातल्या त्याच्या रिमोटच्या गाडीवर. मी हौसेनं आणलेली नवी चाकं काढून त्यानं पुन्हा ती खेळण्यातल्या ट्रकची भंगार चाकं चढवली होती. सख्खा भाऊ समोर पडलेला आणि मला आला तो राग... पाच आठवडे झाले, त्या रागाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ. बाबा मिठागरात राबले, त्यानं मात्र बंदर आलं तसं सरळ स्टिअरिंग धरलं आणि तीसेक वर्षं कंटेनरचा ट्रेलर चालवला. चाळीस फुटी कंटेनर मागं घेत फाटकातून असा आत घालायचा, की दोन्हीकडे वीत वीत जागा राहिली तरी बास. एवढ्या वर्षांत गाडी कुठं घासली नाही, हे आधी तो सांगायचा, मग आम्ही सांगायला लागलो, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगितलं. दोन वर्षांपूर्वी "कंबर धरते" म्हणून त्यानं अचानक गाडी सोडली आणि घरी बसला. दिवसभर ओट्यावर. मी चिडवायचे, की वहिनीनं तुला पार्किंगला लावलाय. तो हसायचा. फटकळपणा आमच्या घरात सगळा माझ्या वाट्याला आला, त्याच्या वाट्याला हसणं आणि हसत हसत स्वतःचंच खरं करणं.

ती गाडी त्याच्याकडे गेली माझ्यामुळेच. आमच्याकडे एक पाहुणा आला होता, चाळिशीचा, चांगला शिकलेला माणूस. बायको समुद्रात डुंबतेय आणि हा ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर गुडघे टेकून रिमोटची गाडी चालवतोय. रॉक क्रॉलर म्हणतात म्हणे तिला. पळायची नाही, खडकावर मुंगीच्या पावलानं चढायची. कालवं चिकटलेल्या धारदार खडकांवर तिची मऊ रबरी चाकं फाटली, तसा तो वैतागला आणि जाताना म्हणाला, "काकी, टाकून द्या, मी दुसरी घेतोय." चांगली चालती मोटर टाकून द्यायची? मी भाऊबीजेला ती उरणला नेली. ओवाळणी त्यानं द्यायची तर मीच दिली. त्यानं गाडी मांडीवर घेतली, चारही बाजूंनी हात फिरवला आणि इतका वेळ नुसता चाचपतच राहिला, की मला वाटलं, आवडली नाही.

पनवेलची त्याची लेक म्हणाली, "पप्पा, चाकं मी ऑनलाइन मागवते." नको म्हणाला. बाजारातून प्लास्टिकचा एक ढब्बू ट्रक आणला आणि त्याची चाकं उपटली. आता, खेळण्यातल्या चाकाला असतं गोल भोक, आणि या गाडीच्या दांड्याला सहाकोनी गट्टू. बसणार कसं? दादूसनं बारा नंबरचा पाना लागतो तसला सहाकोनी डोक्याचा बोल्ट पकडीत धरून गॅसवर तापवला आणि त्याचं डोकं चाकाच्या भोकात दाबलं. सगळ्या घरात धूर, वहिनीच्या शिव्या, पण भोक सहाकोनी झालं. दोन चाकं वाया गेली, दुसरा ट्रक आणला. मग वायसर घालून, नट आवळून, चाक बोटानं फिरवून बघायचं, डुगडुगलं की पुन्हा खोलायचं. हे सगळं करताना त्याचं तोंड भलतीकडेच, खिडकीकडे नाहीतर माझ्याकडे. मला वाटलं, उस्तादी दाखवतोय. तीस वर्षं पाने हाताळलेल्या माणसाला बघायची काय गरज, असं मी कौतुकानं चार जणींना सांगितलंसुद्धा.

थंडीत तो चार दिवस किहीमला आला. लाँचमधून उतरताना एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून उतरला. म्हटलं, याला जाईल तिथं मित्र मिळतात. ओहोटी बघून आम्ही खडकांवर जायचो. तो एका जागी बसून गाडी चालवायचा आणि ती टणक चाकं दगडावर अशी खडखडायची, की माझे दात शिरशिरायचे. चढायची कमी, घसरायचीच जास्त. मी म्हटलं, "अरे, मऊ चाकं लाव, ती दगडाला धरतात." तो म्हणाला, "मना हीच बरी." मग एकदा विचारलं त्यानं, "डावीकडं खड्डा हाय का गो, बाय?" खड्डा हातभर अंतरावर, चांगला घमेल्याएवढा. मी म्हटलं, "डोळे गहाण ठेवलेस की काय?" तो हसला. मीही हसले... नेहमीसारखीच.

आणि तेवढ्यावर मी थांबले असते तर मी कसली. गपचूप त्याच्या लेकीकडून अस्सल रबरी चाकं मागवली होती, ती शेवटच्या दिवशी तो झोपेत असताना मीच बसवली. चार तर नट. तो उठल्यावर त्याच्या हातात गाडी दिली. चाकाला बोट लावल्यावर त्याचा चेहरा उतरला, हे मी बघितलं होतं, पण बघून सोडून दिलं. खडकावर गाडी अशी गेली म्हणता, बिनआवाजाची, मांजरासारखी. आणि सरळ जाऊन पाण्याच्या घळीत पडली. "समोर दिसत नाही का?" मी ओरडले. "हात सुटला," एवढंच म्हणाला आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "तू चालव." मी चालवली, तासभर चालवली, बाई. तो माझ्या शेजारी समुद्राकडे तोंड करून बसून होता. पुढे दोन महिने फोनवर त्यानं गाडीचं नावही काढलं नाही. तुला कशाची किंमत नाही, असं मी त्याला एकदा सुनावलंही होतं. ते आमचं शेवटून दुसरं बोलणं. शेवटचं काय होतं ते आठवत नाही, नारळाबद्दल काहीतरी असावं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी वहिनीसमोर चाकांचा विषय काढला. भांडायलाच काढला. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "त्यांचा डावा डोला कवाच गेला व्हता. साखरेनं. उजव्याचा त्यांनी मना बी धड सांगला न्हाय." पुढचंही तिनंच सांगितलं. गाडीचा आवाज आला की ती कुठं आहे ते त्याला कळायचं, मऊ चाकांचा आवाज येईना, म्हणून मरायच्या आदल्या आठवड्यात त्यानं चाचपडत ती टणक चाकं परत चढवली. मग मला आठवलं, फेरीला निघायच्या आधी तो लोखंडी रॉडनं ट्रेलरच्या एकेका टायरवर ठोकायचा आणि आवाजावरून सांगायचा, हवा कुठं कमी आहे. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" वहिनीनं हात थांबवला. "तू सगल्या गावाला सांगशील. मंग लोक इचारतील, डोला कवा गेला? गाडी सोडल्यावर, का आदी?"

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता आणि आता तो जात नाही. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "मना म्हायती न्हाय." खरंच माहीत नसेल, की असेल? एका डोळ्यानं त्यानं किती फेऱ्या मारल्या असतील, समोरून कोण कोण येत असेल... असं मनात आलं की त्याच्यावर संताप होतो. लगेच वाटतं, कुणाला धक्का लागला नाही, वेळेवर गाडी सोडली, सोडताना जीव तुटला असेल. मग वाटतं, नुसती नशिबानं वाचली असतील माणसं. रडायला बसावं तर राग येतो, राग धरावा तर त्याचा तो खिडकीकडे वळलेला चेहरा समोर येतो. आणि मी हे आता पेपरात लिहितेय, म्हणजे वहिनीचंच खरं झालं. मी वहिनीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "लिव. आता त्यांना कोन काय करनार?" त्यात परवानगी होती की टोमणा, तेही मला कळलं नाही.

गाडी मी किहीमला घेऊन आले. परवा ओहोटीला खडकांवर गेले, त्याच्याच जागी बसले आणि डोळे मिटून रिमोट दाबला. खडखड सुरू झाली. सुक्या दगडावर वेगळी, ओल्यावर वेगळी, कालवांवर किरकिरी. थोड्या वेळानं मला चक्क समजायला लागलं, गाडी कुठं चढतेय, कुठं वळतेय. मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मग ती एकदम गप्प झाली. मोटर गुणगुणत होती, चाकं काही बोलेनात. अडकली, उलटली, की कुठल्या कडेवर लोंबकळतेय, काही कळेना, आणि आता बटण कुठलं दाबायचं तेही कळेना. मिटल्या डोळ्यांनी मी तशीच बसून राहिले. अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाला विचारण्याखेरीज दुसरं काही हातात नसतं. त्यानं विचारलं होतं, आणि शेजारी मी बसले होते.