ठोकून बसवलेली माती

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा त्याच्या खिशात कायम असे, म्हणून हे नाव पडलं. पण माणूसही तसाच होता. दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी आधी दाराची चौकट न्याहाळायचा आणि पहिला घोट घ्यायच्या आत सांगून मोकळा व्हायचा, "डावीकडे झुकलीय." वय झालं म्हणून काम सुटल्यावर तर विचारूच नका. गल्लीतले लोक त्याला लांबून बघून वाट बदलायचे.

स्वतःच्या घरात तर त्याने एकही गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीने होऊ दिली नव्हती. फरशी त्याने बसवली, रंग त्याने ठरवला, स्वयंपाकघरातला ओटा किती उंच असावा हेही त्यानेच ठरवलं. बायकोने आपल्या पसंतीने घरात आणलेली वस्तू एकच, मॉन्स्टेराचं झाड. ती एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती. तिथल्या मैत्रिणीकडून मागून आणलेली एवढीशी फांदी तिने वाढवली होती. आता बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ त्याची पानं सुपाएवढी झाली होती, फाटक्या कडांची, चकचकीत. सकाळी उठली की ती आधी त्या पानांवरून ओलं फडकं फिरवायची आणि मग नवऱ्याकडे बघायची. हा क्रम त्याला जरा खुपायचाच.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ती धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. निघताना तिने बजावलं, "अहो, बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. बाकी झाडाला हात लावू नका."

"मातीचं मला शिकवतेस?" तो म्हणाला. "अगं, जन्म गेला त्यात माझा."

तिने पिशवी उचलली आणि बहिणीचा हात धरून सावकाश जिना उतरली.

दोन-चार दिवसांत त्याने कुंडीत बोट घालून पाहिलं आणि थक्क झाला. ही माती? नारळाचा भुसा, झाडाच्या सालीचे तुकडे, कसले तरी पांढरे हलके खडे आणि नावाला खत. बोट घातलं तर आरपार. असली भरणी एखाद्या कामावर दिसली असती तर त्याने मुकादमाची गचांडीच धरली असती. कहर म्हणजे कुंडीच्या बुडाला भोक! पाणी घातलं की ते बशीत, आणि बशीतून त्याने स्वतः बसवलेल्या फरशीवर. इतकी वर्षं आपल्या घरात हा राडारोडा उभा आहे आणि आपल्याला पत्ताही नाही, याचा त्याला धक्काच बसला.

लगेच बाह्या सरसावल्या. भुसा उपसून टाकून दिला. चांगली काळी, जड, चिकट माती पोतंभर आणली. झाड ओळंब्यात सरळ उभं केलं, आणि थर भरायचा, पाणी शिंपडायचं, थापीच्या मुठीने ठोकायचं, असं करत कुंडी काठोकाठ भरली. भोक सिमेंटने लिंपलं. वरून थापी अशी फिरवली की कुठे बोटभर उंचवटा राहिला नाही. बायको आली की बघतच राहील, म्हणून स्वारी भलतीच खुशीत होती.

पुढे एक पान पिवळं पडलं. तहान लागली असेल म्हणून त्याने पाणी वाढवलं. आणखी पानं पिवळी पडली, त्याने आणखी पाणी घातलं. पाणी वरच साचून राहायचं आणि हा कौतुकाने म्हणायचा, "थेंब गळत नाही!" शहाण्याला कोण सांगणार?

एक दिवस बायकोचा फोन आला. "डॉक्टरांनी जिना चढायला हरकत नाही म्हटलंय. रविवारी येते. झाड कसं आहे?"

"झकास," तो म्हणाला, आणि फोन ठेवून झाडाकडे गेला. खोलीत दोन दिवस कसला तरी कुबट वास येत होता. त्याने खोड धरून जरासं हलवलं आणि ते अलगद हातातच आलं. खाली मुळं नव्हतीच. काळा, बुळबुळीत लगदा होता, आणि त्याची अशी दुर्गंधी सुटली की तो मागे सरकला. त्याने घातलेला पाया आजवर कधी खचला नव्हता. तिची एकुलती एक आवडती वस्तू आपण आपल्या हातांनी मारली, हे त्याला कळलं.

ती येऊन बघण्याआधी आपणच जाऊन सांगावं, एवढी अक्कल त्याला सुचली. ते खोड बादलीत घालून तो मेहुणीच्या दारात उभा राहिला. मेहुणीने दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. आत बायको खुर्चीत बसली होती. तिच्या शेजारी खिडकीत एक मॉन्स्टेरा होता. लहान, पण टवटवीत. एक नवं पान नुकतंच उलगडत होतं.

ओळंब्याने आ वासला. "हे कुठून आलं?"

"घरातूनच," बायको म्हणाली. "निघायच्या दिवशी एक फांदी कापून पिशवीत घातली होती."

"का?"

"तुम्ही माती ठोकणार हे मला माहीत होतं." तिने बादलीत डोकावून पाहिलं. "भोकही बुजवलंत ना?"

मेहुणी फिदीफिदी हसायला लागली, आणि बहिणीचा चेहरा पाहून गप्प झाली.

"मग नीट सांगायचं होतंस," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतंत? अहो, रानात हे दुसऱ्या झाडांच्या अंगावर चढतं. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भुसा ओल धरतो, साल आणि खडे वाट मोकळी ठेवतात. वर्षा-दोन वर्षांनी भुसा कुजून दबला की मी तो बदलते. तुमच्या डोळ्यांदेखत बदलत आलेय." तिने त्याच्याकडे पाहिलं. "आणि मी रविवारी येत नाहीये."

"गुडघा दुखतोय?"

"गुडघा बरा आहे. मलाच यायचं नाही एवढ्यात. तुमच्या त्या ओट्यापाशी माझे खांदे भरून येतात. पहिल्या दिवसापासून. इथं बहिणीने मला विचारलं, तुला काय सोयीचं पडतं? मला उत्तरच सुचेना हो. कुणी विचारायची सवयच राहिली नाही."

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं, ते गवंड्याला तेव्हा कळलं. तो मटकन फरशीवर बसला. ती फरशी वाकडी आहे की सरळ, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

बायकोने बादलीतलं खोड वर उचललं. शेंड्याकडे एक गाठ अजून हिरवी होती, तिला हवेतच फुटलेलं बोटभर मूळ लटकत होतं. तिने तेवढं कापून घेतलं, मेहुणीने एक छोटी कुंडी दिली, आणि बायको सांगत गेली तसा तो भुसा, साल, खडे कालवत गेला. कुंडी भरल्यावर सवयीने त्याचा अंगठा माती दाबायला खाली आला. बायकोने नुसतं पाहिलं. त्याने अंगठा मुठीत धरला. "घेऊन जा," ती म्हणाली, आणि तो एकटाच घरी परतला.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी त्याने फोन लावला. "मी बोलतोय. कुंडीत बोट घातलं. वर कोरडं आहे, आत ओल लागतेय. मला काही समजेना. पाणी घालू की थांबू?"

पलीकडे मेहुणी मागून विचारत होती, "ताई, कोण आहे? काय झालं?" मग त्याला हुंदका ऐकू आला आणि त्याचं धाबं दणाणलं.

"अगं, पुन्हा काही चुकलं का माझं?"

"नाही हो," ती म्हणाली. "आज घालू नका. उद्या परत विचारा."