पडद्याआडून दिलेला निकाल

आमच्या अमरावतीच्या घरात रेडिओला आल्या दिवसापासून जो मान मिळाला, तो मला मिळवायला पुष्कळ वर्षं लागली. बैठकीच्या खोलीत, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, सुताराकडून खास करवून घेतलेल्या फळीवर तो बसे. अंगावर मी विणलेला क्रोशाचा रुमाल. वर भिंतीवर तांब्याच्या जाळीची एरियल. बटण फिरवलं की लगेच बोलेल तर तो आमचा सेट कसला? आतले व्हॉल्व्ह आधी तापायचे, मग काचेतला हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, आणि मग स्वारी घसा साफ करून सुरू व्हायची.

यजमान वकील. बैठकीत पुरुषमाणसं असली की बायकांनी तिकडे जायचं नाही, ही सासरची रीत. आणि बैठकीत पुरुषमाणसं नाहीत अशी वेळ कोणती? सकाळी पक्षकार, संध्याकाळी मित्र, रविवारी दोन्ही. त्यामुळे रेडिओ मी ऐकला तो माजघराच्या पडद्याआडून, फोडणीच्या आवाजातून. लग्नाआधी अकोल्याला मी गाणं शिकले होते. रविवारी सकाळी नागपूरवर शास्त्रीय गाणं लागे. ख्याल जरा रंगात आला की चहाची हाक यायची, नाहीतर कुणी बातम्यांसाठी काटा फिरवायचं. एक राग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, एवढंच मला हवं होतं. काही सोन्याच्या पाटल्या मागत नव्हते.

यांचे कॉलेजातले एक मित्र अकोल्याला असत; मी त्यांना भाऊजी म्हणे. घरचे फुलांचे नि भाज्यांचे मळे. बहीण अमरावतीला दिलेली, म्हणून रविवारी एसटीनं येत, येताना आमच्या देवांसाठी शेवंती आणत. एकदा आले ते खांद्याला चामड्याच्या पाकिटातला ट्रान्झिस्टर लटकवून. त्या दिवसापासून आमच्या बैठकीला दुसरा विषय उरला नाही.

"आवाज आहे का हा?" हे म्हणत. "तेलाच्या डब्यात तोंड घालून कोणी गाऊन राहिलं असं वाटते. माझ्या सेटचा खर्ज ऐक. पखवाजाची थाप पोटात लागते."

"तुया सेट पोटात लागते, पन जाग्यावरून हालते का?" भाऊजी म्हणत. "मी वांग्याले पानी देऊन राहिलो असतो, अन् हा मांडवाच्या मेढीले टांगून गाऊन राहिला असते."

"वांग्यांना आवाजातलं काय समजते?"

असं तासन्‌तास. आवाजाची चर्चा इतक्या मोठ्यानं चाले की आवाज कुणालाच ऐकू येत नसे. आत मी, बाहेर तोडी, आणि मध्ये हे दोघे. एखादे दिवशी लाटणं घेऊन बाहेर जावं असं वाटे.

मीही एकदा विचारून पाहिलं होतं. "अहो, एक ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात असला तर?" हे हसले नाहीत की रागावले नाहीत. उलट फार आपुलकीनं म्हणाले, "थांब ना थोडं. अजून ते लोक सुधारून राहिले. पुढच्या वर्षी याहून चांगला येईल, तो घेऊ." पुढच्या वर्षी चांगला आला. तेव्हा त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चांगला येणार असं कळलं. विज्ञान इतक्या झपाट्यानं पुढे चाललं होतं की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला त्याला सवडच होत नव्हती.

एका रविवारी वाद फारच पेटला. भाऊजी म्हणाले, "आता निकालच लावू. दोन्ही सेटवर नागपूर लाव. आधी एक वाजव, मंग दुसरा. वहिनी पडद्याआड हायेत, त्यायले दिसत नाही कोनता कोनता. गाण्यातलंबी समजते त्यायले. त्या सांगतीन ते खरं."

यांना ते एकदम पसंत पडलं. माझा कान यांना ठाऊक होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी कणकेचे हात तसेच धरून पडद्याशी उभी राहिले. नुकताच ख्याल सुरू झाला होता. आधी एक सेट वाजला, मग दुसरा. न दिसायला काय झालं? पहिला सूर भरलेला, गोल; तानपुरा वेगळा ऐकू येत होता. दुसऱ्यात गायिका होती, पण तानपुरा कुठेतरी हरवला होता. खोटं सांगणं मला सुरांच्या बाबतीत कधी जमलं नाही.

"पहिल्याचा आवाज चांगला," मी आतूनच म्हणाले.

बाहेर यांनी मांडीवर थाप मारली. "ऐक! ऐक लेका!"

"पण मला दुसरा हवा."

थाप थांबली. "म्हणजे? चांगला पहिला, तर दुसरा काहून?"

"पहिला चांगला आहे तो तुमच्या खोलीत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, नि मला त्याची लाज वाटली नाही. "मला तो इथूनच ऐकावा लागतो. अर्धा."

मग भाऊजी उठल्याचा आवाज आला. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबून त्यांनी पडद्याखालून ट्रान्झिस्टर आत सरकवला. "घ्या वहिनी. तुमचा येईपर्यंत राहू द्या तुमच्यापाशी. वांगे काही रुसनार नाहीत."

मी तो स्वयंपाकघरात नेऊन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि समोर जमिनीवर बसले. कणीक वाळत होती. बैठकीतून कुणी चहा मागितला नाही. विलंबित संपेपर्यंत मला रडू आलं होतं, आणि मी ते पुसलंही नाही, हात पिठाचे होते.

थोड्या वेळानं हे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "पत्र्याचाच आहे आवाज. पुढच्या वर्षी याहून चांगला आणू आपण."

"पुढच्या वर्षी आणा," मी म्हणाले. "आत्ता बोलू नका. द्रुत सुरू झाली आहे."

त्यांनी भिंतीशी टेकवलेला पाट ओढला आणि माझ्याजवळ बसले. गाणं संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.