वरच्या थराची केबल

"हे कण खालून येतायत," सर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "उद्या कमिटीला हाच ग्राफ दाखवायचा."

बोगद्यातल्या दमट हवेत बसून डोकं जड झालं होतं.

काम असं होतं. अवकाशातले कण हवेवर आदळले की न्यूट्रिनो तयार होतात. ते पृथ्वीतून आरपार जातात आणि वाटेत आपला प्रकार बदलतात. वरून येणाऱ्यांची वाट थोडी, खालून येणाऱ्यांना अख्खी पृथ्वी ओलांडायची. दोघांची तुलना केली की बदल मोजता येतो. त्यासाठी डोंगराखाली अवाढव्य डिटेक्टर लागतो. तो बीडजवळच्या कपिलधारकडच्या डोंगरात बसेल का, हे कमिटी ठरवणार होती. म्हणून आम्ही एका अर्धवट सोडलेल्या बोगद्यात छोटा नमुना लावला होता. वरच्या थरात सिग्नल आधी आला, तर कण वरून आला. खालच्या थरात आधी आला, तर खालून. डोंगर भेदून वरून इतर कणही येतात, पण अख्खी पृथ्वी ओलांडून फक्त न्यूट्रिनो येतात, आणि तेही क्वचितच सापडतात. फरक सेकंदाच्या काही अब्जांशांचा.

"सर, एवढ्याशा डिटेक्टरला इतके खालून मिळणं शक्य नाही."

"जागा नामंजूर झाली तर तुमचं कॉन्ट्रॅक्टही संपतं, मॅडम. मग शक्य काय नि अशक्य काय."

नव्वदीचं दशक होतं, देशात सगळं खुलं होत होतं. 'आमचं चुकलं' म्हणायची मोकळीक मात्र कुठे दिसत नव्हती.

वेळ कुठे चुकतेय ते बघायला मी टॉर्च घेऊन केबलच्या मागोमाग निघाले. खालच्या थराची केबल डाव्या भिंतीनं सरळ गेली होती. वरच्या थराची उजवीकडून. तिथं ओट्यावर महादेवाची जुनी पिंडी होती. केबल ओट्याला मागून वळसा घालून गेली होती. कमी पडली म्हणून तुकडा जोडलेला. मी वायरमन मन्मथअप्पांना बोलावलं.

"अप्पा, समोरून सरळ का नाही नेली?"

"समोर पन्हाळ हाय, ताई. पिंडीची पन्हाळ वलांडतेत व्हय कुनी? प्रदक्षिणेत बी आपुन तिथून माघारी फिरतो."

"सांगायचं तरी."

"कावून? करंट तर पोचतोय न्हवं?"

"पोचतोय. उशिरा पोचतोय."

"वडवणीच्या एस्टीवानी?"

अगदी तसंच. त्या वळशामुळे वरचा सिग्नल उशिरा येत होता, आणि वरून आलेले कण खालून आल्यासारखे दिसत होते.

पन्हाळीला हात न लावता आम्ही खालची केबलही तेवढीच लांब केली. संध्याकाळपर्यंत खालून एकही कण आला नाही.

सरांनी जुना ग्राफ पुन्हा उघडला. "आधीचाच दाखवू. प्राथमिक म्हणून."

"मग मी कमिटीला केबल दाखवते."

"तुम्हाला नोकरी नको आहे का?"

"हवी आहे."

त्यांनी जुन्या ग्राफची फ्लॉपी खिशात टाकली. "नवा दाखवा," म्हणाले.

कमिटीनं नवा ग्राफ पाहिला, मान डोलावली. डोंगराची उंची कमी पडते, वरून येणारे कण पुरेसे अडत नाहीत, असा निर्णय आला. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढं परदेशातल्या एका प्रचंड डिटेक्टरनं न्यूट्रिनोंचा तो बदल मोजला. मी ते बीडच्या वाचनालयात पेपरात वाचलं.

नको असलेला आकडा आला की सगळे केबल मोजायला धावतात. हवा तसा आला की चहा सांगतात.