नलूवहिनी खरी नाही

मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. आंबीला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मापात बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट, एवढंच मला कळतं. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात एका सिरियलपासून झाली. वडिवळ्याला, धरणाजवळच्या आमच्या घरी आई आणि मी ती रोज बघायचो. त्यातली थोरली सून, नलूवहिनी, वर्षभर बेपत्ता होऊन परत येते. मला पहिल्या दिवसापासून शंका – ही ती नाहीच, तिच्या जागी दुसरीच कुणी आलीय. चहा बिनसाखरेचा पिते, देव्हाऱ्यापुढे थांबत नाही... मी हे सिरियलच्या फेसबुक ग्रुपवर लिहायला लागले. लोकांना इतकं आवडलं की रोज नवनवे पुरावे यायला लागले. एकदा मी लिहिलं – खरी नलू कुठेतरी बसून वाट बघत असेल आणि घरातल्या कुणाला तिला शोधायचं सुचतही नाही. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "दमलीय गं ती बाई. दुसरं काय न्हाई."

त्यानंतर महिन्याभरात आईला न्यूमोनिया झाला. तळेगावला दवाखान्यात नऊ दिवस, त्यातले चार बेशुद्ध. घरी आली ती अशक्त, पण बरी. फक्त मला नावाने हाक मारेना. तिसऱ्या दुपारी मी पेज भरवत होते, तर तिने माझा हात हळूच बाजूला केला.

"बाई, तुमी माझं लय करताय. पन तुमची आई तिकडंच ऱ्हायली."

डॉक्टर म्हणाले, आजारानंतर होतं असं, थोडा वेळ द्या. माझा भाऊ दिनेश मात्र माझ्यावरच चिडला. तुझ्या त्या पोस्टींनीच आईचं डोकं फिरलं, म्हणाला. मी सगळ्या पोस्टी काढून टाकल्या. आईला जुने फोटो दाखवले, लहानपणीचं सगळं सांगितलं. पाहुण्याने ऐकावं तसं ती नीट बसून ऐकायची. पंधरा दिवस असे गेले. मला जेवण जाईना, कामावर चुका व्हायला लागल्या. आणि ग्रुपवर लोक विचारत होते, ताई, पुढचा पुरावा कधी?

एका गुरुवारी सुट्टी होती. सकाळी मी तिचे पाय धरले. म्हटलं, मग माझी आई कुठे आहे ते तरी सांगा. तिला मी 'सांगा' म्हणाले, हे नंतर लक्षात आलं.

"धरणाच्या भिंतीवर बसलीय. तुमी न्यायला याल म्हनून."

मी लगेच गेले नाही. कशी जाणार? वेडेपणाच तो. तिला औषध दिलं, धुणं धुतलं, वाळत घातलं... आणि मग चपला घालून निघाले.

भिंतीवर कुणी नव्हतं. खाली एक म्हातारी शेळ्या चारत होती, वरच्या वाडीतली असावी, माझ्या ओळखीची नव्हती. इथे कुणी बाई बसली होती का, म्हणून तिला विचारलं.

"व्हती की, जांभळ्या पातळातली. सकाळपासनं बसलीवती. लेक न्यायला येनार म्हनली. आत्ताच उठली बग."

गावाकडे गेली का, विचारलं. म्हातारीने नाही म्हणून मान हलवली आणि पाण्यापलीकडच्या डोंगराकडे हात केला.

दवाखान्यात नेलं तेव्हा आईच्या अंगावर जांभळं पातळ होतं. ते तिथेच हरवलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, दिनेशलाही नाही.

दुपारपर्यंत मी काठाकाठाने "आई, आई" करत फिरले. घसा बसला. घरी आले तर आई ओट्याशी उभी.

"सुषे, एवढ्या उन्हाची कुटं गेलतीस?"

पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझं नाव. दिनेश रडला, डॉक्टर म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं? त्यानंतर आजतागायत ती पूर्ण बरी आहे. तसलं एकदाही बोलली नाही. दिनेश म्हणतो, जांभळी पातळं काय कमी आहेत? असेलही. पण त्या दिवशी आई घरी आली, की वाट बघून बघून निघून गेली... मला अजून माहीत नाही. विचारावं, तर कुणाला विचारतेय हेच कळत नाही.

आत्ता हे लिहितेय तर ती आतून जेवायला हाक मारतेय. दुसरी हाक झाली. ओ देते. आई म्हणून माझ्याकडे तीच एक आहे.