डाव्या हाताचं माप

शांत राहा, शांत राहा म्हणून माणसाला वेड लावणारा प्राणी अख्ख्या बजाजनगरात एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे सर! जन्मभर मेडिकल कॉलेजात शरीर कसं चालतं ते शिकवलं, बायको गेली, निवृत्त झाले, आणि नेमकं त्याच सुमाराला माझं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या, म्हणून डावा हात सुजायला लागला. झालं, सरांना विद्यार्थिनी मिळाली. रोज सकाळी कुकरची शिट्टी व्हायच्या आत शिंप्याची टेप घेऊन दारात हजर. मनगट, दंड आणि शेवटी, का कोण जाणे, अंगठा आत मुडपून तळहात मोजायचे, वहीत लिहायचे आणि जिन्यातून आकडा ओरडत वर जायचे. दूधवालासुद्धा विचारायचा, "ताई, आज सूज लई कमी हाय म्हनं?"

एकदा पाण्याच्या टँकरवरून खालच्या बाईशी माझं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. मी जिंकतच आले होते, तेवढ्यात सरांनी मध्ये घुसून माझं मनगट धरलं. "ताई, लसिका म्हणजे अंगातल्या निचऱ्याचं पाणी. त्याच्या नळ्यांना हृदय नाही. भिंतीतले स्नायू आपणहून आवळतात, सैल होतात, पाणी पुढं जातं. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त सांगतात, हळू चला, जोरात चला. तुम्ही ओरडताय, त्या ऐकतायत!" खालची बाई हंडे भरून गेलीसुद्धा. माझं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नसांचं खरं आहे. पण भांडल्यानं हात सुजतो असं काही नाही हो." हे सरांना सांगितलं, तर म्हणाले, "तरी भांडू नका."

लेकीच्या लग्नाआधी चुडा भरायला मनियार चाचा आले. दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालायच्या, एवढीच माझी हौस उरली होती. आजारपणात तेवढ्यासाठी तर तग धरला होता. आणि बायकांच्या घोळक्यात सर टेप घेऊन उभे! "डाव्या हातात घट्ट काही नको." माझं डोकंच फिरलं. "नवरीची आई एका हातानं बुच्ची, बिनबांगडीची फिरू का? तुमच्या घरात कुणाचा हात सुजला असता म्हणजे कळलं असतं!" सर टेप गुंडाळत जिना चढून गेले.

चाचांनी पेटीतून वेगळं पुडकं काढलं. "सर तो म्हैना हुआ, माप लिख के दिए. खास मोठ्या मागवल्यात, ताई. त्यांच्या बाईंचा हात असाच सुजला होता. बांगड्या रुतल्या, तेव्हा मीच वाढवल्या होत्या." हिरवा चुडा सरसर हातात गेला. कुठं रुतला नाही, कुठं अडला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर जाऊन दोन्ही हात पुढं केले, तर सर म्हणाले, "रडू नका, नसा ऐकतायत," आणि स्वतःच चष्मा पुसत बसले.

आता सर लेकाकडं पुण्याला असतात. टेप माझ्याकडं ठेवून गेलेत. रोज सकाळी मीच अंगठा मुडपून हात मोजते आणि फोनवर आकडा सांगते. एखाद्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही, तर माझं कुणाशी भांडणातसुद्धा लक्ष लागत नाही.