एवढा वाफा भरू दे

बायको गेल्यापासून मला बूड टेकवत नाही. जेवतो तेही उभ्यानं. एकदा आमच्या लोणी गावातून निघालो ते आळेफाट्याला एसटीतून उतरलो. कशाला, देव जाणे. फक्त कांद्याच्या रानात पाय ठेवत नव्हतो. त्याचं कारण मुलाला सांगायचा धीर नव्हता. कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही, ही भीती.

शेवटी त्यानंच मला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या मिळाल्या. तिथं पेशंटला कशाततरी गुंतवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "बाबा, रिकाम्या वेळात काय आवडतं?"

"रिकामा वेळ? तो बायकोनं कधी दिलाच न्हाई."

शेजारी बसलेला मुलगा हसला. बाईंनी घाण्याच्या बैलाला झापडं बांधावी तसा एक जाड चष्मा माझ्या डोळ्यांवर बांधला आणि हातात बटणाचं यंत्र दिलं. म्हणाल्या, या चष्म्यात खोटं जग दिसतं, त्यात मासे धरता येतात, बागही करता येते. आमच्यात मासे चालत नाहीत. म्हणलं, बाग दाखवा.

समोर वाफेच वाफे! फुलं भडक, खोटी. पण पाणी वाहत होतं. मी खोरं शोधायला लागलो.

"बाबा, खोरं नाही, हातातलं बटण दाबा."

दाबलं. पाणी वाफ्यात वळलं. कितीतरी दिवसांनी माझे पाय एका जागी राहिले. वाफा अर्धा भरला आणि बाई म्हणाल्या, "वेळ झाली, काढा आता."

"थांबा की! एवढा वाफा भरू दे."

बोललो आणि बटण सोडलं. ती गेली त्या दुपारी मी कांद्याला पाणी देत होतो. घरून तिचा फोन आला, "अवो, छातीत लई जड वाटतंय. या की." तिलाही मी हेच म्हणलो होतो. वाफा भरला, पाय धुतले, मग घरी गेलो. ती बोलायची थांबली होती.

चष्मा ओढून काढला. मुलाला म्हणलं, "त्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला व्हता मला. मी लगेच गेलो न्हाई."

तो खाली बघत म्हणाला, "म्हाईती हाय, आबा. तिच्या मोबाईलवर दिसला ना."

"मग बोलला का न्हाईस इतके दिवस?"

"तुमी एका जागी बसला व्हता का कधी?"

मला बसवेना. उठलो आणि बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागलो. थोड्या वेळानं तोही आला. माझ्या बरोबरीनं चालायला लागला.