कुंकू लावलेली नोट

कटंगीत बँक नवी आली, तेव्हा मी तिथं कॅशिअर होतो. बाजारात मुरमुरे विकणारी एक बाई खातं उघडायला आली. पदराची गाठ सोडून तिनं दहाची नोट काढली, तिला कुंकू लावलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

“हे काय आता?” मी वैतागलो.

“पहिल्यांदाच सासरी जाऊन राह्यली, बाबूजी. सांभाळजा.”

हीच नोट परत मिळत नसते, हे सांगायला माझी जीभ रेटेना. माझ्या खिशातली दहाची गल्ल्यात टाकून तिची मी वेगळी ठेवली.

वर्षभरानं बाई पैसे काढायला आली. मी तीच नोट पुढे केली. लेकीच्या गालावरून फिरवावा, तसा तिनं नोटेवरून हात फिरवला.

“वाळली नाही जी,” ती म्हणाली. “चांगली नांदवली तुमी.”